हिवाळी बागेचा सांगाडा
कुंपण, झाडे व मांडव यांची मांडणी आणि थंडीतील फुले

पावसाळा सरून थंडी पडू लागली की बाग करण्याची हौस सर्वांनाच होते. आकाश निरभ्र असते, ऊन सोसवते, तण फारसे माजत नाही आणि विहिरींना पाणी असते. अशा दिवसांत शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे व घरोघरच्या परड्यांत वाफे खणले जातात. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला आवार फुललेले दिसावे म्हणून पुष्कळ ठिकाणी डिसेंबरात फुलांची रोपे विकत आणून लावतात. झेंडावंदन होते, फुले काही दिवस टिकतात. मग शेते रिकामी झाल्यावर मोकळी सोडलेली गुरे आत शिरतात आणि महाशिवरात्रीच्या सुमारास त्या जागी उकरलेली माती व वाळलेल्या काड्या एवढेच उरते. पुढल्या वर्षी कार्यकर्ता पुन्हा बियांच्या पुड्या घेऊन गावात गेला म्हणजे लोक त्याला विचारतात, "गेल्या साली लावले त्याचे काय झाले?"

हा प्रश्न योग्य आहे. बाग उजाड झाली की केवळ रोपांचे पैसे बुडत नाहीत. गावाचा बागेवरील विश्वासही जातो आणि तो परत मिळविण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून ही बाग का टिकली नाही याचा विचार आधी केला पाहिजे. बहुतेक ठिकाणी दोष बियाण्यांत नसतो व लोकांच्या कष्टांतही नसतो. त्या बागेला सांगाडा नसतो, हा खरा दोष होय.

घर बांधताना प्रथम मेढी रोवतात, आढे चढवितात आणि मग भिंतींना रंग देतात. बागेचेही तसेच आहे. कुंपण, उंच झाडे, मांडव व कायमची झुडपे ही बागेची मेढ होय. हंगामी फुले व भाज्या हा तिचा रंग होय. मेढ पावसाळ्याच्या आरंभी रोवावयाची असते. जो गृहस्थ डिसेंबरात बागेला आरंभ करतो, तो उभ्या नसलेल्या भिंतीला रंग देतो असेच म्हणावे लागेल.

जागेची आखणी

उदाहरणादाखल २० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे २ गुंठ्यांची जागा घेऊ. लांब बाजू पूर्व-पश्चिम धरली आहे. कोणते झाड कोठे लावावे हे ठरविताना हिवाळ्यातील सूर्याचा मार्ग प्रथम पाहावा.

जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ माथ्यावर असतो व झाडाची सावली त्याच्या बुडाशीच पडते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या परिसरात त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब असते आणि ती उत्तरेच्या बाजूला पडते. म्हणजे दक्षिणेच्या बांधावर ५ मीटर उंचीचे झाड असेल, तर त्याच्या उत्तरेकडील साडेचार मीटरपर्यंतच्या वाफ्यांना भर दुपारी ऊन मिळणार नाही. थंडीत ज्या वाफ्याला ऊन नाही त्यात ना शेवंती नीट फुलते, ना टोमॅटो वेळेवर पिकतो.

यावरून नियम असा निघतो : उंच झाडे उत्तरेच्या बाजूला लावावीत, मध्यम उंचीची झुडपे व मांडव पूर्व-पश्चिम बाजूंना करावेत आणि दक्षिणेची बाजू ठेंगणी राखावी. उत्तरेकडील झाडांमुळे थंड वाऱ्याचा जोरही मोडतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीनेही ही मांडणी चांगली दिसते. कारण पुढे ठेंगणी फुले, मागे झुडपे व त्यांच्याही मागे झाडे अशी चढती रचना आपोआप होते.

जिवंत कुंपण

मोकळी गुरे हा हिवाळी बागेचा सर्वांत मोठा शत्रू होय. तारेचे कुंपण महाग पडते. बाभळीच्या काट्यांचे कुंपण दरवर्षी नवे करावे लागते. गिरिपुष्पाचे जिवंत कुंपण मात्र थोड्या श्रमात होते व पुष्कळ वर्षे टिकते. गिरिपुष्प हे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील झाड असून आपल्याकडे त्यास उंदीरमारी असेही म्हणतात. त्याच्या पानांना उग्र वास असल्यामुळे सवय नसलेली गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत.

पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की मनगटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या बारीक, दीड मीटर लांबीच्या ताज्या काड्या घ्याव्यात. त्या ३० सेंटिमीटर खोल पुराव्यात, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच १.२ मीटर उंचीचे कुंपण उभे राहते. दोन काड्यांत ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे. वरील जागेचा परीघ ६० मीटर आहे. दाराची जागा वगळून सुमारे १२० काड्या लागतील. ज्या गावात गिरिपुष्पाची चार जुनी झाडे आहेत तेथे या काड्यांसाठी एक पैसाही खर्च करण्याचे कारण नाही. काड्यांना मध्यावर व माथ्याजवळ आडव्या कामट्या बांधाव्यात. पहिल्या हिवाळ्यात फटी राहतात. त्या काट्यांनी बुजवाव्यात.

पावसाळ्यात कुंपण दोन वेळा छाटावे व निघालेला पाला वाफ्यांत गाडावा किंवा आच्छादन म्हणून पसरावा. हे उत्तम हिरवळीचे खत होय. ऑक्टोबरनंतर दक्षिणेची बाजूच तेवढी एक मीटर उंचीवर छाटावी व उत्तरेच्या काड्या वाढू द्याव्यात. थंडीत त्यांची पाने झडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाने नसलेल्या काड्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात.

कुंपणाच्या आतील अंगाला कोरांटीची ओळ लावावी. कोरांटी आपल्याच माळरानावरची आहे. तिला काटे असतात, दुष्काळ सोसतो आणि पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीभर पिवळी फुले येतात. बियांपासून किंवा छाटाच्या काड्यांपासून ३० सेंटिमीटर अंतरावर ती लावता येते. गिरिपुष्पाच्या बुडाशी जी मोकळी फट राहते, ती कोरांटीमुळे बंद होते व शेळ्यांच्या वाटा थांबतात. ज्यांना अधिक घट्ट कुंपण हवे त्यांनी करवंद लावावे. त्याची वाढ सावकाश होते, परंतु ते बारमाही हिरवे राहते. करवंदाचे बी लवकर निकामी होते. म्हणून मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचे ताजे बीच पेरावे.

घाणेरीचे कुंपण फुलांच्या मोहाने कोणीही लावू नये. ती आवाराबाहेर पसरून गायराने व्यापते आणि तिचा पाला गुरांना विषारी आहे. कण्हेरही थंडीत हिरवी व डौलदार दिसते. तथापि तिचे सर्व भाग विषारी असल्याने शाळेच्या आवारात व गोठ्याजवळ ती नसावी.

उत्तरेकडील झाडे

दोन गुंठ्यांत मोठी झाडे मावत नाहीत. तीन ते चार लहान झाडे पुरेशी होत. त्यांची निवड करताना हिवाळ्यात ते झाड काय देते हे पाहावे.

हादगा : लवकर उंची हवी असेल तर यासारखे झाड नाही. जूनमध्ये बी टोकले की थंडीपर्यंत ते माणसाच्या डोक्यावर जाते. सावली विरळ असते. पांढरी किंवा तांबडी मोठी फुले लोंबतात व त्यांची भाजी होते. झाड अल्पायुषी असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी एक नवे बी लावून ठेवावे. कडाक्याची थंडी पडणाऱ्या खोलगट जागी मात्र ते लावू नये.

आवळा : कार्तिकात ज्याच्या खाली आवळीभोजन करतात ते हे झाड परड्यात असणे सर्वांनाच आवडेल. बारीक पानांच्या फांद्यांवर फिकट हिरवी फळे थंडीत लगडलेली असतात. कलमे लावावीत, आणि एकच जात न लावता दोन निरनिराळ्या जाती लावाव्यात, म्हणजे फळधारणा चांगली होते.

शेवगा : थंडीत याची पाने बरीच झडतात व बागेत ऊन येऊ देतात. पुढे फुले व शेंगा येतात. रोप एक मीटर उंचीचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे झाड ठेंगणे राहून शेंगा हाताशी येतात. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली 'कोकण रुचिरा' ही जात आहे.

कांचन : जांभळट गुलाबी फुलांचा कांचन ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत फुलतो. केवळ शोभेसाठी एक झाड ठेवावयाचे असेल तर हे ठेवावे.

या झाडांसाठी मे महिन्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत. नंतर ते शेणखत व चांगल्या मातीने भरावेत. काळ्या भारी जमिनीत खड्ड्यात पाणी साचते. तेथे मुरूम मिसळावा व रोप जमिनीपेक्षा थोडे उंचावर लावावे.

शाळेचे आवार मोठे असल्यास किंवा गावाला मोकळी जागा असल्यास इमारतीपासून ८ ते १० मीटर दूर बूच, पांगारा किंवा काटेसावर लावावी. बुचाची सुगंधी पांढरी फुले दिवाळीच्या सुमारास सकाळी अंगणभर पडतात. पांगारा व काटेसावर थंडीच्या अखेरीस निष्पर्ण होऊन तांबड्या फुलांनी पेटल्यासारखी दिसतात आणि मैना, बुलबुल, कावळे त्यांवर मधासाठी गोळा होतात.

मांडव आणि वेली

मांडव हा बागेतील सर्वांत उपयुक्त भाग होय. तो मोरीच्या सांडपाण्याजवळ, शक्य तर पश्चिमेच्या अंगाला करावा. उंची पावणेदोन ते दोन मीटर ठेवावी. मांडवावर वाल किंवा पावटा चढवावा. वालाच्या पुष्कळ जुन्या गावठी जाती दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाहीत. जूनमध्ये लावलेला वेल पावसाळाभर नुसता पाला वाढवितो. हे पाहून काही लोक तो वांझ समजून उपटून टाकतात. तसे करू नये. ऑक्टोबरनंतर त्याच वेलाला जांभळ्या वा पांढऱ्या फुलांचे तुरे येतात व थंडीभर शेंगा मिळतात.

दाराच्या कमानीवर संक्रांतवेल चढवावा. मूळ ब्राझीलकडील हा वेल बरोबर संक्रांतीच्या दिवसांत नारिंगी फुलांच्या घोसांनी झाकून जातो, म्हणूनच त्यास हे नाव पडले. वेल वजनदार होतो. कमान मजबूत असावी. बहर संपल्यावर छाटणी करावी. जेथे पाणी अगदीच कमी तेथे बोगनवेल लावावी. तिचा रंग फुलांचा नसून फुलांभोवतालच्या पानांचा असतो, त्यामुळे तो पुष्कळ दिवस टिकतो. तिला फार पाणी दिल्यास पानेच वाढतात. ताण दिल्यास बहर अधिक येतो.

शेवंती

हिवाळी फुलांत शेवंतीचे स्थान पहिले आहे. देवपूजेला, वेणीला व बाजाराला तिची फुले सारखीच चालतात. तिची लागवडही आधीपासून आखावी लागते.

बहर संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडे जमिनीलगत कापावीत. बुडातून नव्या काश्या फुटतात. त्या उन्हाळ्यात सावलीच्या वाफ्यात जगवून जून-जुलैमध्ये ३० सेंटिमीटर अंतरावर सरी-वरंब्यावर लावाव्यात. सुमारे चार आठवड्यांनी शेंडा खुडावा, म्हणजे झुडूप फांद्या धरते. फांद्या वाढल्यावर पुन्हा एकदा खुडण्यास हरकत नाही, परंतु सप्टेंबर लागल्यानंतर खुडू नये. नाहीतर कळ्याच हाती येतात. झिप्री, राजा, रेवडी या महाराष्ट्रातील परिचित जाती होत.

शेवंतीला कळी धरण्यासाठी लहान दिवस व लांब रात्र लागते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो व डिसेंबरात तो सुमारे ११ तासांचा होतो. रात्र लांबू लागली की झाड कळी धरते. म्हणून रस्त्यावरील विजेच्या दिव्याखाली शेवंतीचा वाफा करू नये. रात्रभर उजेड पडल्यास झाडाला दिवस मोठाच आहे असे भासते व फुले लांबतात. पुष्कळ शाळांत व कचेऱ्यांपुढे वाफा नेमका दिव्याच्या खांबाभोवती केलेला असतो. तो अवश्य हलवावा.

झेंडू व इतर हंगामी फुले

झेंडूचे बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गादी वाफ्यावर टाकून महिन्याने रोपे लावावीत. उंच जातींना ४५ सेंटिमीटर व ठेंगण्या जातींना ३० सेंटिमीटर अंतर पुरे. झेंडूची मुळे जमिनीतील, मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना आळा घालतात. टोमॅटोच्या शेतात दर १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावल्यास फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो व टोमॅटो बराच वाचतो. त्यासाठी ४० दिवसांचे झेंडूचे रोप व २५ दिवसांचे टोमॅटोचे रोप एकाच वेळी लावावे, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात. परसबागेत टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेने झेंडू लावला तरी चालतो. मात्र फुलांवरील अळ्या वेचून माराव्यात, अन्यथा झेंडूच किडीचे घर होईल.

अॅस्टर, कॉसमॉस, फ्लॉक्स, हॉलीहॉक यांचे बी पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरावे. हॉलीहॉक उंच वाढतो म्हणून तो झुडपांच्या रांगेत मागे असावा. या फुलांचा मोह आवरता असावा. दोन वाफे फुलांना ठेवून उरलेल्यांत मेथी, पालक, गाजर, मुळा, कोबी, वांगी, वाटाणा घ्यावा. गाजराचा बारीक पाला व कोबीची निळसर पाने वाफ्यात फुलांइतकीच शोभतात.

पाणी व निगा

घाटावरील प्रदेशात ऑक्टोबरनंतर पावसाचा भरवसा नसतो. तेव्हा प्रत्येक झाडाला आळे करून त्यावर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे ५ ते ७ सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे. नव्या झाडाशेजारी बुडाला बारीक भोक पाडलेले मडके पुरून ते दोन-तीन दिवसांनी भरावे. साबणाचे सांडपाणी मांडवाच्या वेलांना, केळीला व अळूला द्यावे. मुळा, गाजर, कोथिंबीर अशा कच्च्या खावयाच्या भाज्यांना स्वच्छ पाणीच द्यावे. गावातील बायकांना लांबून पाणी आणावे लागत असेल, तर वाफे कमी करावेत. कोरांटी, बोगनवेल, शेवगा व वाल यांवर उभी केलेली बाग थोड्या पाण्यातही भागते.

मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कडाक्याच्या थंडीची लक्षणे दिसल्यास सायंकाळी वाफ्यांना हलके पाणी द्यावे व कोवळ्या रोपांवर गवताची झापे घालावीत. वाफे कोरडे असताना थंडी अधिक बाधते.

महिनावार कामे

मे : आखणी, खड्डे, सूर्यप्रकाशाची व सांडपाण्याची पाहणी.
जून-जुलै : गिरिपुष्पाच्या काड्या, कोरांटी, झाडे, वाल व शेवंतीच्या काश्या लावणे.
ऑगस्ट : शेवंतीचे शेंडे खुडणे; झेंडूचे बी टाकणे; कुंपणाची छाटणी.
सप्टेंबर-ऑक्टोबर : हंगामी फुलांची व भाज्यांची पेरणी; आच्छादन; फटींत काटे भरणे.
नोव्हेंबर-जानेवारी : पाणी, खुरपणी, शेवंतीला काठ्यांचा आधार, काढणी.
फेब्रुवारी-मार्च : शेवंती कापणे, झेंडूचे बी धरणे, संक्रांतवेलाची छाटणी.

कार्यकर्त्यांस सूचना

पुण्याच्या एम्प्रेस बागेतील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनासारखी प्रदर्शने पाहून लोकांना उत्साह येतो व ते तेथूनच रोपे आणतात. हा उत्साह मोडू नये, परंतु त्यास पुढील जूनची दिशा द्यावी. प्रथम वर्षी साऱ्या गावात बिया वाटण्याऐवजी एक शाळा व तीन-चार घरे निवडावीत. तेथे जूनमध्ये कुंपण व झाडे उभी करून घ्यावीत आणि ऑक्टोबरात बी फक्त त्यांनाच द्यावे. कुंपण नाही तेथे बी नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा. दुसऱ्या वर्षी याच कुंपणांच्या छाटणीतून इतरांना काड्या मिळतील व शेवंतीच्या काश्या हातोहात वाटता येतील.

पहिल्या हिवाळ्यात ही बाग विरळ दिसेल, हे लोकांना आधीच सांगून ठेवावे. भोगीच्या दिवशी घरच्या मांडवावरचा पावटा, वाफ्यातले गाजर व वांगी यांची भाजी झाली आणि देव्हाऱ्यात घरची शेवंती आली, तर तेवढ्यावर पहिले वर्ष पदरात पडले असे समजावे. पुढे महाशिवरात्रीला हंगामी वाफे रिकामे झाले तरी कुंपण उभे असेल, शेवग्याला शेंगा असतील व आवळ्याची रोपे जीव धरून असतील. अशी बाग दाखविता आली म्हणजे गेल्या सालच्या लागवडीचे काय झाले हे लोकांना वेगळे सांगावे लागणार नाही.